वाचकांचे प्रश्न : मनीषनगरातून मिसिसागात

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची आहेत. लहान मुलांना घेऊन नागपुरातून कॅनडाला, आणि त्यातही ऑन्टारिओ प्रांतात (मिसिसागा त्यातलेच एक शहर), राहायला निघालेल्या कुटुंबांची. म्हणून हे सदर सगळे त्यांच्यासाठी. उत्तरे पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे पीआर, मिळालेल्यांना धरून दिली आहेत. वर्क परमिटवर जाणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे लिहिले आहे. रकमा कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे आणि चार वर्षांचा मुलगा. पीआर आली, तिकिटे ऑगस्टची. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव सासरचे आहे आणि तिच्या पासपोर्टवर माहेरचे. हे चालेल का? (मनीषनगर)

विमानात बसायला चालेल. तिथे गेल्यावर मात्र दर खिडकीवर अडेल. तिकडे एका कागदाच्या आधारावर दुसरा मिळतो आणि सगळ्यांच्या तळाशी पासपोर्ट असतो. मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज आईच्या नावाने करायचा असतो आणि परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला त्याला जोडावा लागतो. दाखल्यावरची आई आणि अर्जातली आई वेगवेगळ्या दिसल्या, की पत्रव्यवहार सुरू.

पासपोर्टला आता हात लावू नका. पीआरचे सगळे कागद त्याच नावावर आहेत. दाखला पासपोर्टशी जुळवून घ्या. त्यासाठी महापालिकेच्या ज्या झोनमध्ये जन्माची नोंद आहे तिथे जावे लागेल. नोंद जन्मस्थळाची असते, राहत्या घराची नाही. बाळंतपण धंतोलीच्या दवाखान्यात झाले असेल, तर मनीषनगरचा पत्ता दाखवून उपयोग नाही. आईचा पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला नवा दाखला मागा आणि तीन-चार प्रती घ्या. झोनवाल्यांनी दुरुस्तीला नकार दिला, तर तेच प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून दाखल्याला जोडून न्या.

आपल्याकडच्या नावात आणखी एक खोच असते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी आपली रीत. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' या रकान्यात पहिली दोन एकत्र येतात. तिकडच्या फॉर्मवर मधल्या नावाचा रकाना वेगळा असतो आणि तिथे कोणी वडिलांचे नाव टाकतो, कोणी टाकत नाही. मग बँकेत एक नाव, आरोग्य कार्डावर दुसरे. पहिल्या दिवशी एक पद्धत ठरवा, पासपोर्टमध्ये छापले आहे तशीच, आणि ती शेवटपर्यंत पाळा.

प्रश्न : मुलीचे सगळे डोस अंगणवाडीच्या कार्डाप्रमाणे पूर्ण आहेत. तरी तिकडची शाळा अडवते म्हणतात. खरं का जी? (हिंगणा रस्ता)

अडवू शकते. ऑन्टारिओत शाळकरी मुलांना कायद्याने घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, डांग्या खोकला, गोवर, गालगुंड, रुबेला, मेनिंगोकॉकल (मेंदूज्वराचा एक प्रकार) आणि (२०१० किंवा नंतर जन्मलेल्यांना) कांजिण्या या लशींची नोंद लागते. वैद्यकीय किंवा रीतसर घेतलेली अन्य सूट नसेल आणि नोंद अपुरी असेल, तर तिथले आरोग्य खाते मुलाला काही दिवस शाळेतून बाहेर ठेवू शकते.

तुमच्या मुलीचे डोस चुकलेले नाहीत. दोन देशांची वेळापत्रके वेगळी आहेत, इतकेच. आपल्या सरकारी कार्यक्रमात एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंड नाही. कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल याही लशी त्या कार्डात नसतात. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे ९ व्या महिन्याला एमएमआर, म्हणजे गालगुंडासह तिन्हींची लस, देतात खरे, पण ऑन्टारिओत पहिला वाढदिवस झाल्यावर दिलेलाच डोस धरतात. त्यामुळे ९ व्या महिन्याचा डोस तिथे मोजला जात नाही आणि 'दोन झाले' समजणाऱ्या पालकांच्या हातात एकच उरतो. पोलिओचेही तसेच आहे. २०१६ च्या एप्रिलपासून तोंडावाटे दिले जाणारे थेंब पोलिओच्या तीनपैकी दोनच प्रकारांविरुद्ध आहेत, म्हणून तिथे ते धरत नाहीत. इंजेक्शनचे डोस पाहतात. कार्डावर 'पोलिओ' एवढेच लिहिले असेल, तर थेंब कोणते आणि सुई कोणती हे वेगळे लिहून घ्या.

राहिलेल्या लशी इथे घ्यायच्या की तिथे? आरोग्य कार्ड झाल्यावर वेळापत्रकातल्या लशी तिथे मोफत मिळतात. पण निघायला दोन महिने असतील, तर एमएमआर आणि कांजिण्या इथेच उरकणे सोयीचे, कारण मग पहिल्या दिवसापासून शाळेचा कागद तयार असतो. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी आहेत. एकाच दिवशी द्याव्या लागतात, नाहीतर मध्ये किमान ४ आठवडे जावे लागतात. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून हे जमत नाही.

कार्ड मराठीत असेल तर डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजी यादी टंकून घ्या : लशीचे पूर्ण नाव, तारीख, सही, शिक्का. तारखेत महिना अक्षरांत लिहायला सांगा. आपली ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, तिकडे कोणी ती ४ मार्च वाचतो आणि दोन डोसांमधले अंतर कागदावर कमी भरते. दंडावरच्या बीसीजीची नोंदही यादीत हवी. क्षयरोगाची त्वचाचाचणी बीसीजीमुळे फसवी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगितलेले बरे.

प्रश्न : मुलगा इथे केजी-टू झाला आहे. तिथे पहिलीत घेतील ना? (बेसा)

मार्कांवर नाही, जन्मवर्षावर घेतात. ज्या वर्षात मूल ४ वर्षांचे होते त्या सप्टेंबरात ज्युनिअर किंडरगार्टन, ५ चे होते तेव्हा सिनिअर, ६ चे होते तेव्हा पहिली. डिसेंबरात जन्मलेलेही याच हिशेबात. पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत येतो ती सरकारी शाळा घेते, पीआर असलेल्यांना फी नाही, देणगी नाही. किंडरगार्टन दिवसभराचे असते आणि पाढे-पाटीऐवजी खेळातून चालते. हे पाहून 'मागे पडतो का काय' म्हणून शिकवण्या लावू नका.

त्याहून लहान मुलांसाठी 'अर्लीऑन' केंद्रे आहेत. ६ वर्षांपर्यंतचे मूल आणि पालक दोघांनी जाऊन बसायचे, मोफत. पाळणाघर हवे असेल, तर सरकारी योजनेत सामील असलेल्या पाळणाघरात ६ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला २२ डॉलर ही कमाल फी २०२५ च्या जानेवारीपासून लागू आहे. अडचण जागेची. प्रतीक्षायादीत नाव नागपुरात बसूनच घाला.

प्रश्न : मिक्सर, कुकर, तवा, सावजी मसाला यातले काय न्यावे? सासूबाई म्हणतात सगळेच न्या. (त्रिमूर्तीनगर)

मसाला न्या, कुकर विचार करून न्या, मिक्सर अजिबात नको.

आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडची १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. २३० चा मिक्सर तिथे नुसता पिन बदलून लावला तर जळत नाही, पण जीव नसल्यासारखा फिरतो. ओले खोबरे वाटताना भांडे अडकते आणि मग मोटर तापते. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ७५० वॉटच्या मिक्सरला साधारण १५०० वॉटचा लागतो, कारण सुरू होताना मोटर दुप्पट ओढते. तो इतका जड असतो की त्या वजनात दोन किलो मसाला अधिक आला असता. आपल्याकडच्या कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बिनधास्त न्या, त्यांवर १००–२४० व्होल्ट लिहिलेले असते.

भाड्याच्या घरात शेगडी बहुधा विजेची असते, काचेच्या पृष्ठाची नाहीतर गोल कॉइलची. बुडाला गोलाई असलेली कढई आणि खोलगट लोखंडी तवा तिच्यावर टेकतच नाहीत. मधोमध जळते, कडा थंड. सपाट बुडाचाच तवा हवा. कुकर न्यायचा तर जाड, सपाट बुडाचा. सोबत त्याच मापाची २-३ गॅस्केट, एक शिट्टी आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. अडतो तो या पाच-पन्नास रुपयांच्या वस्तूंपायी. गॅस बंद केला की आच जाते. विजेच्या शेगडीचे तसे नाही, बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. म्हणून एक शिट्टी राखून बंद करा, नाहीतर कुकर उचलून थंड बाजूला ठेवा. फोडणीतही हेच. मोहरी तडतडली की पळी खाली उतरवा, नुसती आच कमी करून हिंग जळायचा थांबत नाही.

आता धूर. छतावरचा स्मोक अलार्म वरणाच्या फोडणीने सहसा ओरडत नाही, मिरच्या आणि सुके खोबरे भाजल्यावर नक्की ओरडतो. अनेक अपार्टमेंटांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकतच नाही, जाळीतून गाळून पुन्हा घरात सोडतो. घर बघायला जाल तेव्हा पंखा लावून बाहेर नळी जाते का ते विचारा. अलार्मवर पिशवी बांधणे किंवा सेल काढणे हा तिथे गुन्हा आहे. म्हणून सावजी मसाला इथेच भाजून, दळून न्यावा. दुहेरी पिशवीत बंद करून वर इंग्रजीत नाव लिहा आणि कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत हे जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू नियमात बसली नाही तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो. ताजी संत्री, तुळशीचे रोप, माती, बिया सोबत घेऊ नका.

वजनाचेही आताच पाहा. आंतरराष्ट्रीय तिकिटावर बहुतेक विमान कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात, पण नागपूर–मुंबई किंवा नागपूर–दिल्लीचे तिकीट वेगळे काढले तर देशांतर्गत मर्यादा साधारण १५ किलो. तिघांच्या ६ बॅगांचे जादा शुल्क विमानतळावर भरताना डोळे पांढरे होतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर विदर्भ एक्सप्रेसने दादरला उतरा. सासूबाईंना हा हिशेब दाखवा.

प्रश्न : पोचल्यावर पहिल्या आठवड्यात कुठले काम आधी? (प्रतापनगर)

विमानतळावरच दोन गोष्टी. मागाहून येणाऱ्या सामानाची आणि सोबतच्या दागिन्यांची यादी (किंमत आणि दागिन्यांचे फोटो जोडून) कस्टमला देऊन शिक्का घ्या. मागचे सामान विनाजकात येते ते या यादीच्या जोरावर. आणि रोख किंवा ड्राफ्ट मिळून १०,००० डॉलर वा जास्त असतील तर जाहीर करा. त्यावर कर नाही, न सांगण्यावर मात्र जप्ती आहे.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाकडून सोशल इन्शुरन्स नंबर. नऊ आकडी, मोफत. हा नसेल तर पगार निघत नाही. मग बँक खाते. बँकेचे पत्र आणि भाडेकरार हाती आले की पत्त्याचा पुरावा झाला, आणि तो घेऊन सर्व्हिसऑन्टारिओ या प्रांताच्या कार्यालयात आरोग्य कार्डाचा, ओहिपचा, अर्ज. पूर्वी तीन महिने थांबावे लागे, २०२० पासून ती अट नाही. ओहिपमध्ये डॉक्टर आणि रुग्णालय येते. मोठ्यांचे दात, चष्मा आणि दुकानातली औषधे येत नाहीत, म्हणून दातांची कामे नागपुरातच संपवा. रोजची औषधे जास्तीत जास्त ९० दिवस पुरतील इतकी, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्या. कुटुंबाचा डॉक्टर मिळायला महिने लागतात. तोवर ८११ वर फोन केला की नर्स सल्ला देते. तातडीला ९११.

त्याच आठवड्यात मुलांच्या भत्त्याचा अर्ज टाका. फॉर्म आरसी६६ आणि नव्याने आलेल्यांसाठी त्याची जोडपुरवणी आरसी६६एससीएच. त्यात कॅनडात येण्यापूर्वीची दोघांची भारतातली मिळकतही लिहायची असते. बरेच जण ते रकाने कोरे ठेवतात आणि अर्ज परत येतो. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी ६ वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला कमाल ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ साठी ६,७४८. मिळकत वाढेल तसा भत्ता घटतो. पुढे दोघांनीही दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत कर विवरण भरायचे, मिळकत शून्य असली तरी. नाही भरले की जुलैपासून भत्ता बंद. वर्क परमिटवाल्यांना हा भत्ता १८ महिने सलग राहिल्यावर, १९ व्या महिन्यापासून.

प्रश्न : घरमालक सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागतो. तिथे तशीच पद्धत आहे का? (सोमलवाडा)

मागतात, पण कायदा त्यांच्या बाजूचा नाही. ऑन्टारिओत घरमालक पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे घेऊ शकतो, आणि किल्लीची खरी किंमत. आपल्यासारखे डिपॉझिट तिथे बेकायदा आहे. करार प्रांताच्या ठरलेल्या नमुन्यावरच हवा. नवीन माणसाची अडचण अशी, की सिबिलचा स्कोअर तिकडे चालत नाही आणि तिथला स्कोअर अजून शून्यात. त्याऐवजी नोकरीचे पत्र, सहा महिन्यांचे बँक विवरण आणि इथल्या घरमालकाचे इंग्रजी पत्र द्या. घर न पाहता नागपुरातून पैसे पाठवू नका. दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून लुबाडणारे बरेच आहेत. पहिला महिना तात्पुरत्या जागी काढा. भाड्यात हीटिंग धरले आहे की नाही हे लेखी घ्या, जानेवारीच्या बिलात तो फरक कळतो.

प्रश्न : थंडीचे कपडे सीताबर्डीवरून घ्यावेत का? मुलगी दोन वर्षांची. (गोधनी)

आतले थर्मल घ्या, वरचे जाकीट नको. आपल्याकडचे जाड जाकीट नागपूरच्या डिसेंबरासाठी शिवलेले असते, उणे १५ अंशांच्या वाऱ्यासाठी नाही. बूट तर तिथेच, एक माप मोठे. मोजे दोन घालून बूट आवळला तर पाय अधिक गारठतो, कारण आत हवा उरत नाही.

मोटारीतले मात्र नीट समजून घ्या. फुगीर जाकीट घालून मुलीला कार सीटमध्ये बांधले, की पट्टा घट्ट वाटतो. धडक बसली की जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल निसटते. जाकीट काढा, पट्टा आवळा, मग तेच जाकीट उलटे करून अंगावर पांघरा. सीट इथून नेऊ नका. मेपलच्या पानाचा राष्ट्रीय सुरक्षा शिक्का नसलेली सीट तिथे चालत नाही. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना सीट बसवून आणायला आधीच सांगा.

हीटिंगमुळे घरातली हवा एप्रिलातल्या नागपूरसारखी कोरडी होते, नाकातून रक्त येते, ओठ फाटतात. आपण उन्हाळ्यात कूलर लावतो तसा तिथे हिवाळ्यात ह्युमिडिफायर. आर्द्रता ३० ते ४० टक्के पुरे. त्यापुढे गेली की खिडकीच्या काचेवर पाणी साचते आणि चौकटीत बुरशी धरते.

प्रश्न : एमएच-३१ चे पंधरा वर्षांचे लायसन्स आहे. तिथे पुन्हा शिकाऊपासून? (गिट्टीखदान)

ऑन्टारिओशी भारताची अदलाबदल नाही, त्यामुळे जी-वन ही लेखी परीक्षा सगळ्यांनाच. अनुभव सिद्ध केला तर मधली थांबण्याची मुदत वाचते, आणि २ वर्षांहून जास्त असेल तर थेट शेवटची, म्हणजे जी, चाचणी देता येते. जुने पुस्तकी किंवा कागदी लायसन्स 'सारथी' संगणकप्रणालीत दिसत नसेल, तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओत त्याची संगणकात नोंद करून कार्ड मिळते का ते पाहा. तसे न केल्यास पुढे पडताळणीचे पत्र अडते. आरटीओकडून पहिल्या तारखेपासूनचा इंग्रजी उताराही सोबत असू द्या. तुमचे भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यावर ६० दिवस चालते.

प्रश्न : इथली बँक खाती आणि बेसा रोडवरचा फ्लॅट यांचे काय करायचे? (वाचक, नरेंद्रनगर)

अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओत, म्हणजे अनिवासींच्या रुपयातल्या खात्यात, बदलून घ्यावे लागते, आहे तसेच चालू ठेवणे फेमाच्या, म्हणजे परकी चलन कायद्याच्या, नियमाविरुद्ध. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतो, वाढवता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर भाडेकरूने अनिवासी मालकाला देताना ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. हे त्याला करारातच लिहून द्या, कारण चूक झाली की नोटीस त्याला येते. मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथेच करा. तिथून करायचे तर वकिलातीत सही, मग भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक.

प्रश्न : दिवाळीनंतर सुनेचे बाळंतपण आहे. आम्हा दोघांना किती दिवस राहता येईल? (महाल)

साध्या पर्यटक व्हिसावर बहुधा एका वेळी ६ महिने. मुलगा-सून पीआर असल्याने तुम्ही सुपर व्हिसा मागा. त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाची मिळकत ठरलेल्या पातळीवर हवी, तुमची वैद्यकीय तपासणी हवी आणि किमान १ लाख डॉलरचा, वर्षभराचा आरोग्यविमा हवा. विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका. जुन्या आजारासाठी 'ठरावीक महिने औषध न बदललेले' अशी अट असते. तेव्हा निघण्याच्या तोंडावर डॉक्टरांनी गोळी बदलली तर विमा कंपनीला कळवा. तोवर फोनसाठी एवढे लक्षात ठेवा : उन्हाळ्यात आपण टोरांटोच्या साडेनऊ तास पुढे, नोव्हेंबरपासून साडेदहा. त्यांची सकाळची ८ म्हणजे दिवाळीनंतर महालात संध्याकाळचे साडेसहा.